नानांचा न्यूमोनिया
हसू नका राव, पण आळे गावच्या आमच्या नानांना, म्हणजे चुलत्यांना, सारखा न्यूमोनिया व्हायचा. औषधानं बरे झाले की महिन्याभरात परत खोकला. टीबीची तपासणी केली, त्यातही काय नाय. आमी पार घाबरलो.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, “खाताना कधी जोरात ठसका लागला होता?”

काकूनं माझ्याकडं बोट केलं. “याचं लगीन ठरलं तवा! फोडलेली सुपारी यांनी तोंडात टाकली, आन् व्याह्यांच्या बोलण्यावर खदाखदा हसले.”

डॉक्टरांनी घशातून फुफ्फुसात नळी घालून तिथं अडकलेला सुपारीचा तुकडा काढला. नानांनी तो निरखून बघितला.

“तुझं लगीन झालं, पोरगं चालाया लागलं,” मला म्हणाले, “आन् तुझी सुपारी अजून माझ्याकडंच व्हती व्हय रं!”