विकायचीय कुणाला?

मांडवा जेट्टीवर लाँचच्या तिकिटांची रांग. माझ्यापुढे मुंबईला परत निघालेला एक पोरगा आणि त्याला आपली जुनी स्पोर्ट्स बाईक दाखवायला आलेलं नवरा-बायकोचं जोडपं. बाईक रांगेला खेटून उभी.

"दादा, खरं सांगा, रस्त्यात दगा देते का?"

"देते ना. कार्लेखिंडीत दोनदा दिला."

"ह्यांचं ऐकू नको रे भाऊ. पेट्रोल संपलेलं."

"टाकी फुल होती, जयू."

"तुम्ही गप बसा."

"आणि पार्ट मिळत न्हाय. कंपनीनं मॉडेलच बंद केलंय."

"वहिनी, विकणारा माणूस असं बोलतो का कधी?"

"विकायचीय कुणाला? मला! हिला रोज पुसतात. मला एकदा तरी पुसलंय, जेवलीस का म्हणून?"

"खाली वाकून बघ, खाऱ्या हवेनं चेसिस गंजलाय."

"चिखल हाय तो."

"इंजिन थंड असलं की सुरूच होत न्हाय. आजपण टेम्पोत घालून आणलीय."

"टेम्पो रिकामाच येत होता!"

"म्हणजे आत्ता थंड आहे? मी बटण दाबून बघू?"

"दाब. खुशाल दाब."

घुर्रर्र.

"वहिनी, एका बोटात!"

"बघ! मी काय सांगत होते?"

"हरामखोर! रोज पाया पडतो तेव्हा खोकतेस, आणि आज परक्याच्या हाताला..."

"दादा, सौदा पक्का. तिकीट काढतच नाही, हिच्यावरूनच जातो मुंबईला."

"थांब. पेणपर्यंत मी मागं बसतो."

"कशाला?"

"तू अनोळखी माणूस. घाबरेल ती."