अडतीस हात

—नाही नाही ताई, उभ्या उभ्या नको, बसा आधी. आणि तुम्हीच म्हणालात ना, ‘चित्रीकरण बघितल्याशिवाय सही करणार नाही’ — मग दाखवते की, त्यात लपवायचंय काय? दुकान बंद करून आलात ना? मग पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. शिवणाऱ्या बाईचा खोळंबा म्हणजे काय, मला कळतं, पण माझंही घोडं इथंच अडलंय. अडतीस मुलं वर्गात, सदतीस घरांतून सह्या आल्या. बारकीचा कागद तेवढा कोरा परत आला. ‘आई म्हणाली, मी येते’ — एवढंच बोलली, तेही बाकाकडे बघून. वर्गात तर तेवढंही बोलत नाही तुमची बारकी. म्हणजे तक्रार नाही हं. गुणी आहे. त्रास नाही तिचा काही.

सही कशाला? सांगते. मी शिकतेय, ताई. हो, या वयात! शिक्षणशास्त्राची वरची पदवी, घरबसल्या, कॉम्प्युटरवर. आमचे हे म्हणतात, ‘एकोणीस वर्षं पोरांना नापास केलंस, आता तुझी पाळी.’ हसतात. हसू देत. मोठ्या बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत, आणि त्यांच्या जागेवर पदवीवालीच बसणार, असा कागदच आलाय. वरच्या वर्गाची ती नवी मुलगी — चार वर्षं झाली नाहीत लागून — तिच्याकडे आहे पदवी. मी तिला फळा कसा पुसायचा ते शिकवलं, ताई, खोटं नाही सांगत, वरून खाली पुसायचा म्हणजे धूळ अंगावर येत नाही. उद्या तिला ‘येऊ का आत’ म्हणून विचारायचं? म्हणून दोन वर्षं स्वयंपाक उरकून पडद्यासमोर बसतेय. पडद्यावर आम्ही साठ शिक्षक, साठ चौकोनांत. प्रश्न पडला तर हात वर करायचं एक बटण असतं. मी ते अजून एकदाही दाबलेलं नाही. लाज वाटते.

तर शेवटचं काम हे — एका तासाचं चित्रीकरण. अख्खा तास, मधे एक क्षणही कापायचा नाही. आणि ज्या ज्या मुलाचं तोंड दिसेल त्याच्या घरची सही. आज पाचपर्यंत पाठवायचं. एक सही कमी असली तरी परत पाठवतात, मग पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीपर्यंत खुर्ची थांबते होय?

हे बघा, सुरू झालं. अपूर्णांकांचा तास. ती बघा बारकी, खिडकीकडे, तिसऱ्या बाकावर. मी विचारते, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश — आणि बघा, सगळे हात वर! अडतीस! काय? सगळ्यांनाच येतं का? अहो ताई... तुम्ही घरच्यासारख्या म्हणून सांगते. येत नाही सगळ्यांना. ती आमची जुनी युक्ती आहे, तपासणीच्या वेळची. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. पण वर करायचाच. बघणाऱ्याला अख्खा वर्ग हुशार दिसतो, आणि आपण फक्त उजव्या हाताला विचारायचं. मुलांना खेळच वाटतो. चार दिवस सराव घेतला मी. कुणाचं काही वाईट होतं का त्यात? नाही होत.

आता इथं — इथं जरा पुढे नेते. नको? बरं, असू दे. इथं माझीच चूक झाली. तास इतका रंगला की सरावात नसलेलाच प्रश्न विचारून बसले. ‘चार तर तिनापेक्षा मोठे, मग चतुर्थांश लहान कसा?’ झालं! बघा, सगळे डावे हात वर. एकूण एक. आता विचारायचं कुणाला?

हो. दिसतोय मला. बारकीचा उजवा आहे. मला वाटलं, गोंधळली. कधी उजवा वर केलेला नाही तिनं, सरावातसुद्धा नाही, तर मला वाटलं, कुठला हात ते विसरली. कॅमेरा चालू, आणि ती उठून गप्प उभी राहिली असती तर? म्हणून मी म्हटलं, ‘हात खाली, मी सांगते.’ बाकीच्यांनी केले खाली. तिनं — हो, नाही केला. बाकावरून अर्धी उठलीय. मी फळ्याकडे वळले होते ना, मला कसं दिसणार?

काय म्हणालात? घरी आल्यावर सांगितलं? कापड घेऊन? एकाच मापाचे दोन तुकडे, एकाचे तीन भाग केले, एकाचे चार, आणि तुमच्या हातात दिले — ‘जास्त जणांत वाटलं की वाट्याला कमी येतं, आई’... असं म्हणाली? याच शब्दांत?

मी फळ्यावर दहा मिनिटं घालवली हो, एवढंच सांगायला. आणि या चित्रीकरणाबरोबर जो निबंध जोडलाय ना मी, त्याचा विषय... जाऊ दे. पानंच्या पानं लिहिलीयत, गप्प मुलांना बोलतं कसं करायचं त्यावर. कच्चा वाचून आमच्या पदवीच्या सरांनी ‘उत्तम’ म्हटलंय.

रडली का त्या दिवशी? नाही? मग काय म्हणाली? ‘बाईंना घाई होती’ — एवढंच?

तुम्ही पेन का घेताय, ताई? मी आता ‘करा सही’ म्हटलं नाही तुम्हाला... नको असेल तर नका करू. खरंच. मी काही मनात धरणार नाही, बारकीला काही त्रास होणार नाही माझ्याकडून, तसं वाटून करत असाल तर — थांबा. थांबा, ताई. ऐका माझं.

तिथं नाही. त्याच्या खालच्या ओळीवर. हां. आणि पुढं आजची तारीख.

बरं, या आता. दार ओढून घ्या.