सूचना पुण्यात उघडली

जबाब
दि. २०/०१/२०२५

नाव : वनमाला धर्मराज शिनगारे. वय : ४४ वर्षे. शिक्षण : एम.एस्सी., संगणकशास्त्र. व्यवसाय : खाजगी, संगणक यंत्रणांची तपासणी. राहणार : बीड. मूळ गाव पाटोदा.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, मी बीड येथे आईसोबत राहते. यापूर्वी एका महाविद्यालयात अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होते. आता ते काम नाही. गेली चार वर्षे परीक्षा केंद्रे व खाजगी कार्यालयांतील संगणक यंत्रणा तपासून अहवाल देते. बार्शी रोडवरील ज्या परीक्षा केंद्राबाबत ही चौकशी आहे, तेथील व्यवस्थापक हनुमान तांदळे हे माझे जुने विद्यार्थी आहेत. त्यांनीच मला तपासणीसाठी बोलावले.

सदर केंद्रात उमेदवारापुढे असतो तो पूर्ण संगणक नव्हे. तिथे स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आणि एक लहान डबा आहे. प्रश्नपत्रिका पुण्यातील संगणकावर उघडते आणि तिचे चित्र बीडच्या स्क्रीनवर येते. उमेदवाराने बटण दाबले की ते दाबणे पुण्याला पोचते, तिथे पान बदलते, आणि बदललेले चित्र परत येते. या जाण्यायेण्याला किती वेळ लागतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला काय दिसते, हे मोजणे माझे काम आहे.

दि. १८ रोजी केंद्रात एका सरकारी विभागाच्या भरतीची परीक्षा होती. मी त्या दिवशी तिथे नव्हते. पुढील मजकूर मला सांगण्यात आलेला आहे, मी पाहिलेला नाही. उमेदवार आम्रपाली जीवन ओव्हाळ, वय ४२, राहणार वडवणी, कंत्राटी आरोग्यसेविका, या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पेपरचे तीन भाग होते. पहिला भाग संपल्यावर त्यांची परीक्षा जमा झाली आणि स्क्रीनवर 'धन्यवाद' आले. त्यांनी उठण्यास नकार दिला व स्क्रीन दोन्ही हातांनी धरून ठेवला. रखवालदाराने त्यांना बाजूला ओढले तेव्हा स्क्रीन खाली पडून फुटला. स्क्रीन फोडल्याबद्दल व परीक्षेत अडथळा आणल्याबद्दल केंद्राने त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. स्क्रीन ओढाओढीत पडला की त्यांनी पाडला, याबद्दल मी काही सांगू शकत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी हनुमान यांचा मला फोन आला. ते म्हणाले, "मॅडम, उद्या या. यंत्रणा चांगली हाय एवढा एक कागद पाहिजे. तक्रारीला जोडायचा हाय." मी म्हणाले, "मोजल्यावर देईन." ते हसले आणि म्हणाले, "तुमी अजून तशाच हाव मॅडम. तोंडी परीक्षेलाबी असंच करायच्या."

दि. १९ रोजी रविवार असल्याने केंद्र रिकामे होते. पुण्याचा संगणक ज्या नोंदी ठेवतो त्यातील आम्रपाली यांची नोंद हनुमान यांनी मला दाखवली. तीत असे लिहिले आहे : सूचना दाखवली, परीक्षा जमा करायची का. उत्तर, हो. परीक्षा जमा होण्यापूर्वी सूचना पुण्यात उघडली. हनुमान म्हणाले, "बघा. सोताच 'हो' दाबलंय अन् आता म्हनती मी दाबलंच न्हाई. एवढं वय झालं तरी परीक्षाच देत बसलेत, मंग असं होतं." मी स्वतः अशा परीक्षा दिलेल्या आहेत. वयोमर्यादा संपल्यावर थांबले.

प्रथम मी नेहमीची चाचणी घेतली. यात पुण्याच्या बाजूने एक प्रोग्राम नमुना पेपर भराभर सोडवतो आणि वेळ मोजतो. निकाल उत्तम आला. हनुमान यांनी तो छापून सहीसाठी पुढे ठेवला. मी सही केली नाही. कारण असे की, वाटेत गर्दी झाली तर पुण्याचा संगणक मधली चित्रे गाळतो आणि सर्वात नवीन चित्र तेवढे पाठवतो. त्यामुळे चाचणी जितकी वेगात घ्यावी तितकी जास्त चित्रे गळतात आणि आकडा तितका चांगला येतो. जे चित्र बीडला आलेच नाही, त्याला उशीर झाला असे त्या मोजणीत कुठेही येत नाही.

म्हणून मी दुसरी चाचणी घेतली. हॉलमधील सर्व जागा नमुना पेपरवर चालू केल्या. मग एकेका खुर्चीत बसून एक बटण दाबायचे, चित्र पूर्ण येईपर्यंत थांबायचे, मगच पुढचे दाबायचे. माऊसवरचे बोट आणि स्क्रीन एकाच चौकटीत येतील असा मोबाईल उभा करून सगळे चित्रित केले. पुढच्या रांगांत बटण दाबले की पान लगेच बदलत होते. शेवटच्या रांगेच्या सर्व जागा एकाच जुन्या जोडणीवर आहेत. तिथे पान बदलायला दोन सेकंद लागत होते, कधी त्याहून जास्त. दोन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. परीक्षेत वेळ उलटा मोजला जात असताना थोडे वाटतात की नाही, हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

नमुना पेपरात प्रत्येक भागाच्या शेवटी 'पुढे' दाबले की एक सूचना उघडते : परीक्षा जमा करायची का? खाली 'हो' आणि 'नाही, पुढील भाग'. यातील 'हो' हे बटण, आधी जिथे 'पुढे' होते, बरोबर त्याच जागी येते. मूळ पेपरची रचनाही अशीच होती, असे हनुमान यांनी मला सांगितले.

मी हनुमान यांना आम्रपाली यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून पेपर सोडवून पाहण्यास सांगितले. आम्रपाली यांच्या खुर्चीपुढचा स्क्रीन फुटलेला असल्याने तिथे बसता येत नव्हते. पहिल्या भागाच्या शेवटी हनुमान यांनी 'पुढे' दाबले. काही हालले नाही. ते स्क्रीनला म्हणाले, "आरं हाल की बे," आणि पुन्हा दाबले. स्क्रीन क्षणभर पांढरा झाला आणि 'धन्यवाद' आले. सूचना त्यांना दिसली नाही. माझ्या चित्रीकरणातही ती कुठे नाही. हनुमान म्हणाले, "मॅडम, परत एकदा करू द्या." दुसऱ्या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवून वाट पाहिली आणि सूचना दिसली. ते म्हणाले, "दिसतीय की मग!" मी म्हणाले, "तुम्हाला आता माहीत आहे म्हणून तुम्ही थांबलात."

त्यानंतर आम्ही पुण्याची नोंद उघडली. हनुमान यांच्या पहिल्या प्रयत्नासमोर लिहिलेले होते : सूचना दाखवली. उत्तर, हो. म्हणजे त्यांचे दुसरे दाबणे न दिसलेल्या सूचनेतील 'हो' वर पडले होते. आम्रपाली यांच्या नोंदीत आणि या नोंदीत आसन क्रमांक व वेळ सोडल्यास काही फरक नव्हता.

मी हनुमान यांना त्या खुर्चीत मुद्दाम बसवले का, असे मला आज विचारण्यात आले. होय. मी स्वतः बसले असते तर मला काय होणार ते माहीत होते आणि मी थांबले असते. त्यांनीच बसावे असे मला वयाबद्दलच्या त्यांच्या आधीच्या बोलण्यामुळेही वाटले असेल. ते मी नाकारत नाही.

निघताना हनुमान म्हणाले, "पहिला कागद खोटा तर न्हाई ना मॅडम? मंग तेवढाच द्या. दुसरं कावून लिहायचं? आमचं केंद्र बंद पडंल, अन् तुमालाबी कुनी बोलवनार न्हाई." मी दोन्ही चाचण्यांचा अहवाल एकत्र दिला. आज सकाळी मला केंद्राच्या वरिष्ठ कार्यालयातून फोन आला की पुढील महिन्यापासून तपासणीसाठी येऊ नये. हनुमान यांनी मला धमकी दिली असे माझे म्हणणे नाही. त्यांनी सांगितले तसे झाले, एवढेच.

मी खालील गोष्टही स्पष्ट करते. दि. १८ रोजी आम्रपाली यांच्या बाबतीत असेच घडले, असे मी सांगू शकत नाही. त्यांची जोडणी त्या वेळी किती भरलेली होती हे मोजलेले नाही आणि आता मोजता येणार नाही. तसे घडू शकते, आणि घडले तर पुण्याच्या नोंदीत ते ओळखू येत नाही, इतकेच मी शपथेवर सांगू शकते.

आज ठाण्यात आले तेव्हा आम्रपाली व त्यांचे पती जीवन ओव्हाळ बाहेर बाकावर बसलेले होते. मी कोण हे कळल्यावर जीवन उठून म्हणाले, "म्याडम, मशीन बिघडलंवतं एवढं लिहा. तिनं सोता जमा केली असं ठरलं तर परत बसू देत न्हाईत. वयात बसनारी ही शेवटचीच हाय. अन् गुन्हा दाखल झाला तर हाय ते कंत्राटबी जाईल." मी त्यांना म्हणाले की मशीन बिघडलेले नव्हते, ते असेच चालते. त्यांना ते आवडले नाही. ते म्हणाले, "मंग तुमचा उपेग काय?" आम्रपाली त्यांना म्हणाल्या, "ओ, बसा खाली."

मी आम्रपाली यांना विचारले की त्यांना स्क्रीनवर काय काय दिसले. त्या म्हणाल्या, "हे आजून कुनी इचारलंच न्हाई. सगळे इचारतेत तुमी काय दाबलं." मग म्हणाल्या, "पुढं दाबलं. काईच न्हाई. वाटलं बोट नीट पडलं न्हाई, परत दाबलं. पांढरं झालं. मंग धन्यवाद." मी हनुमान यांचे चित्रीकरण त्यांना त्यापूर्वी दाखवलेले नव्हते व नंतरही दाखवलेले नाही. चित्रीकरण पेनड्राइव्हवर हजर करत आहे. आम्रपाली माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, हे मला येथे अर्ज पाहताना कळले. त्याचा या चौकशीशी संबंध नाही.

जबाब हवालदार परमेश्वर घोळवे यांनी संगणकावर टंकून, छापून, मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "परीक्षा जमा होण्यापूर्वी सूचना दाखवण्यात आली होती" असे वाक्य होते. मी ते थांबवले. हवालदार म्हणाले, "नोंदीत तसंच हाय की, ताई. दाखवली अन् दिसली, एकच झालं." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं, पाठवली लिहू?" मी म्हणाले की पाठवली की वाटेत गाळली तेही माहीत नाही. त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, "मंग तुमाला नक्की काय माहीत हाय?" मी सांगितले, "सूचना पुण्यात उघडली." ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच."

हवालदार संगणकावर दुरुस्ती करून नवीन कागद छापून देतो म्हणाले, कारण खोडाखोड असली की साहेब विचारतात. मी नको म्हणाले. नवीन कागदावर आधी काय लिहिले होते ते कोणाला दिसणार नाही. म्हणून माझ्या सांगण्यावरून छापलेल्या कागदावरच "दाखवण्यात आली होती" हे शब्द एका रेघेने खोडले, वर "पुण्यात उघडली" असे पेनाने लिहिले आणि मी बाजूला सही केली. ही दुरुस्ती कशी झाली ते या व याआधीच्या परिच्छेदात माझ्याच सांगण्यावरून शेवटी जोडले आहे. खोडलेले शब्द वाचता येतात. ते तसेच राहू द्यावेत.

वाचताना खोलीचे दार उघडे होते. बाकावरच्या दोघांनी ऐकले असेल. माझी पाठ त्यांच्याकडे होती, म्हणून ऐकले असे मी सांगत नाही.

जोडलेल्या भागासह जबाब पुन्हा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मला जेवढे माहीत आहे तेवढाच आहे.

सही
वनमाला धर्मराज शिनगारे

समक्ष
परमेश्वर घोळवे, पोलीस हवालदार