दाखल्याची अट

छबुबाई आष्टीच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर सोसायटीचे सेक्रेटरी अर्जुनराव येऊन टेकले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्याच हाफिसात कामाला असलेली एक पोरगी. दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"साहेब, अनुभवाचा दाखला कावून अडवला? परीक्षा पास झाले मी. दाखल्याबिगर फायनान्सचं सर्टिफिकेट मिळत न्हाई."

"शाहेदा, तू पीएचडी करत होतीस. त्याला नोकरी म्हणत्यात व्हय?"

"तीन वर्षं दिवसभर तुमची कर्जप्रकरणं तपासत होते. पीएचडी घरी गेल्यावर."

"बरं, देतो. फक्त प्रबंधातलं ते दुष्काळातल्या आपल्या सोसायटीच्या चारा छावणीचं प्रकरण काढ."

"म्हंजी नसलेल्या जनावरांना घातलेला चारा?"

"हळू बोल. लोक ऐकायलेत."

"ऐकू द्या. जनावरं त्यांचीच उपाशी होती."

"दाखला न्हाई दिला तर तीन वर्षं पाण्यात जातील तुझी."

"जाऊ द्या. पालीच्या बायकांच्या दूध संस्थेत सोमवारपासून रुजू होतेय. अनुभव पुन्हा पहिल्यापासून मोजीन, पण एक ओळ काढणार न्हाई."

"लई माज आलाय तुला."

"आलाय."

गाडी लागली. छबुबाईनं खिडकी धरली आणि शेजारी पिशवी ठेवली. अर्जुनराव गर्दीतून वाट काढत आले.

"मावशी, पिशवी उचला."

"जागा धरलीय," छबुबाई म्हणाली, आणि दाराकडं बघून मोठ्यानं हाक मारली, "शाहेदा, ये गं इकडं!"