शेजारच्याचं घर

(बालवर्गाची भिंत. तिच्यावर मुलांनी मिळून रंगवलेली एक वस्ती. शाळेचा भांडारी रंगाचा डबा घेऊन आला आहे.)

भांडारी : ...म्हणून म्हणतो बाई, वाद नको. पांढरा रंग आणलाय, तेवढा डाग झाकून टाका. मोठ्या बाईंनी दारातूनच पाहिला आणि मला पिटाळलं. उद्या पालक येणार.

चित्रबाई : तो डाग नाही, काका. घर आहे.

भांडारी : कुणाचं? चिखलाचं?

चित्रबाई : आमच्या नव्या मुलीचं.

भांडारी : ती परमुलखातली? आल्यापासून हूं नाही की चूं नाही. बोलेना म्हणून तिला उद्यापासून वेगळ्या वर्गात बसवणार आहेत ना?

चित्रबाई : ठाऊक आहे. म्हणूनच पुसू देत नाही.

भांडारी : पण पोरांना आपापलं घर काढू द्यायचं सोडून शेजारी बसणाऱ्याचं का काढायला लावलंत?

चित्रबाई : आपलं घर पाठच असतं. शेजारच्याचं काढायचं तर विचारावं लागतं. आजीला काय म्हणता, झोपता कुठं, चपला आत की बाहेर. बघा, त्या घरात चपला पलंगाखाली आहेत. शेजारी पार फाटकाबाहेर.

भांडारी : आणि हिची जोडी त्या बडबड्याशी! तो विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. माझ्याकडे ब्रश न्यायला आला की सुनेची चौकशी करतो आणि ब्रश विसरून जातो.

चित्रबाई : इथंही तेच. न विचारताच तिच्या घरात टेबल काढलं, खुर्च्या काढल्या, प्रत्येकाला वेगळं ताट वाढलं.

भांडारी : मग?

चित्रबाई : तिनं त्याला सगळं काढू दिलं. मग ओला ब्रश घेऊन सगळं पुसलं. तो तुमचा चिखल. त्यावर एकच मोठं ताट काढलं आणि भोवती सगळं घर जमिनीवर बसवलं. त्याला म्हणाली, "असं नाही. असं."

भांडारी : बोलली?

चित्रबाई : तुमच्या-आमच्या भाषेत.

भांडारी : म्हणजे जोडी मुद्दाम लावलीत. आणि मी समजत होतो, बाईंना माणसांची पारख नाही.

चित्रबाई : आपल्या घराबद्दल कुणी चुकीचं सांगितलं की गप्प बसवत नाही, काका. तुम्हाला तरी बसवतं का?

भांडारी : माझं सोडा. बडबड्या रुसला असेल.

चित्रबाई : छे. उलट वाकून ते ताट न्याहाळलं. मग विचारलं, "एकाच ताटात? मग जास्त कोण खातं?" ती म्हणाली, "दादा."

भांडारी : सगळीकडे तेच. बरं, तिनं त्याचं घर कसं काढलंय?

चित्रबाई : हे काय, समोरच.

भांडारी : आई, बाप, आजी... सगळ्यांची तोंडं उघडी. मांजराचंसुद्धा! पोरगी गप्प होती, पण कान उघडे ठेवून होती म्हणायची. आणि ही खिडकीतली कोण? हिचं एकटीचंच तोंड मिटलेलं.

चित्रबाई : त्यानंही तेच विचारलं, म्हणाला, "ही आमच्याकडची नाही." तर म्हणाली, "पाहुणी."

भांडारी : ...मोठ्या बाईंना इथंच घेऊन येतो. दारातून नको, अगदी जवळून बघू देत.

चित्रबाई : आणि तुमचा पांढरा रंग?

भांडारी : परत नेतो. झाकण कुठं उघडलंय अजून.