अकरा मिनिटांचा शोध

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, अधिकारी सहकारी, वकील मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या मॅडम,

निवृत्तीच्या दिवशी सगळे फार गोड बोलतात. मॅडमना ते चालायचं नाही, त्या पुरावा मागतील! म्हणून एकच गोष्ट सांगतो, तीही माझ्याच विरोधातली.

माहिती अधिकाराच्या प्रशिक्षणाला मी आलो, तो खरं तर दोन दिवस कार्यालयातून सुटका म्हणून. मॅडमनी आल्या आल्या प्रत्येकाच्या हाती एकेक जुनं उत्तर ठेवलं. नावं खोडलेली, खालची सही घडीत दडवलेली. म्हणाल्या, "आता तुम्ही अर्जदार. मोठ्याने वाचा."

मी वाचलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही."

"काय वाटलं?"

"या गृहस्थाने खुर्चीतून उठायचेसुद्धा कष्ट घेतलेले नाहीत!" मी तावातावाने म्हणालो.

"घडी उघडा."

सही माझीच होती. वर्गात आमच्यासोबत शिकायला आलेले एक सरकारी वकील मागून ओरडले, "साक्षीदार फितूर झाला!" सगळा वर्ग हसला. मी कुठे तोंड लपवणार होतो?

तो अर्ज शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचा होता. त्यांचे यजमान वायरमन. आमच्याच कार्यालयाच्या जिन्यावरून पडले आणि पायाने अधू झाले. जो तो म्हणे, धांदरटपणा नडला. ताईंनी मागितला होता अपघाताआधीचा जिन्याचा तपासणी अहवाल. कार्यालयात परतल्यावर मी शोधायला उठलो. माझ्याच खुर्चीमागचं कपाट, खालचा कप्पा. अकरा मिनिटं लागली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: कठडा निखळला आहे, तातडीने दुरुस्त करावा.

अहवाल मी ताईंना पाठवला. पण सोबत काय लिहिलं? "अभिलेख आता उपलब्ध झाला आहे." जणू तो आपल्या पायांनी चालत आला! त्या पत्राची प्रत मी मॅडमना मोठ्या अभिमानाने दाखवली. ती वाचून त्या म्हणाल्या, "कागद दिलात. खरं कुठे सांगितलंत?" चार वर्षं ते मनात सलतंय.

सोमवारपासून हा वर्ग मी घेणार आहे. धाकधूक आहे, पण आनंद त्याहून जास्त आहे. पहिल्या दिवशी वाचायला देईन ते माझंच उत्तर, सही न झाकता. मॅडम, तुमचे आभार मी असेच मानू शकतो.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृह सांभाळून घेईल. माफी मला दुसऱ्याच कुणाची मागायची आहे. मॅडमनी बोलावलेल्या त्या ताई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, शेजारी यजमानही आहेत. ताई, अहवाल हरवला नव्हता. मी शोधलाच नव्हता. आणि दादा, तुम्ही धांदरट नव्हतात. कठडा मोडका होता, आणि ते आमच्या कपाटात लिहिलेलं होतं. मला माफ करा.