राहुकाळाआधीची सही

आदरणीय अध्यक्षा वनजाबाई, मंडळाचे चिटणीस शरतराव, ज्यांना आज जड मनानं निरोप द्यायचा ते उपेंद्रराव आणि कांचनताई, आणि मंडी मोहल्ल्यापासून हूटगळ्ळीपर्यंतच्या घराघरांतून आलेल्या बंधुभगिनींनो, या तिरुमलरावाचा सर्वांना नमस्कार. आमची मराठी चार पिढ्या म्हैसूरचं पाणी प्यालेली आहे. मध्येच कन्नड डोकावलं तर सांभाळून घ्या.

उपेंद्रराव वीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून कडकोळच्या कारखान्यात आले. पण खरं सांगू? आपण त्यांना ओळखलं ते कांचनताईंच्या हातच्या चवीमुळे. ताई घरून थालीपिठं, दिवाळीचा फराळ करून विकायच्या. शेजारच्या कन्नड बायका दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अम्मा, नीवे माडिद्दु कोडि." तुम्ही स्वतः केलेलंच द्या! याहून मोठी पदवी कुठली, अल्लवा? खरं ना?

निवृत्तीनंतर उपेंद्ररावांनी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची फ्रँचायझी घ्यायचं ठरवलं. चाळीस पानांचा इंग्रजी करार घेऊन माझ्याकडे आले. मी जन्मभर वकिलांकडे दस्तऐवज लिहिले ना! म्हणाले, "राव, एकदा नजर टाका." शुक्रवार होता, साडेदहाला राहुकाळ लागणार होता. मी पंचांग पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "एवढी मोठी कंपनी, वाचायचं काय त्यात? आधी सही करा." सव्वादहाला त्यांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून मीही केली.

दुकानाची पाटी कंपनीची, पीठ कंपनीचं, मसाल्याची पाकिटंही कंपनीचीच. ओळखीचं गिऱ्हाईक पहिला घास घेऊन ताईंकडे बघायचं आणि ताई मान खाली घालायच्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. घरचा गोडा मसाला डब्यात आणून चिमूट चिमूट घालू लागल्या. गर्दी वाढली हो! आणि एका दुपारी कंपनीचा तपासनीस आला. त्यानं त्या डब्याचा फोटो काढला, चोरीचा माल सापडल्यासारखा. तिसऱ्या नोटिशीनंतर पाटी उतरली.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण एकतिसाव्या पानावर एक कलम होतं. दुकान सुटल्यावर तीन वर्षं नवरा-बायकोपैकी कुणीही या जिल्ह्यात खाण्याचे पदार्थ करून विकायचे नाहीत. घरूनसुद्धा नाही! म्हणजे दुकान गेलंच, आणि दुकानाआधीचं जे होतं तेही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. म्हणून ही दोघं परत साताऱ्याला निघाली आहेत. साठीच्या घरात ताई नव्या गल्लीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार.

ते कलम समजून घ्यायला उपेंद्रराव माझ्याकडेच आले होते. शेवटच्या पानावर माझी सही होती. ती त्यांनी पाहिली. चहा घेतला आणि गेले. भांडले असते तर त्या रात्री मला झोप तरी लागली असती.

असो. मंडळानं मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषण संपवताना बोलण्यातल्या चुकीची माफी मागायची रीत आहे, आणि मी ती पन्नास वर्षं सवयीनं पाळली. आज बोलण्यातली चूक राहू द्या. उपेंद्रराव, कांचनताई, मी न वाचता सही केली आणि तुम्हालाही वाचू दिलं नाही. त्याची मी हात जोडून क्षमा मागतो.